दगडातला खळगा

“मधात दाबू नको, मनकर्णा. दोनी कडा घास.”

“मंग तुमी काऊन मधातच घासत बसले जिंदगीभर?” धारेच्या दगडावर रंध्याचं पातं घासणारी मनकर्णा हात न थांबवता म्हणाली.

खाटेवरचा देवाजी हसला. उन्हाळ्यात त्याचा उजवा हात लुळा पडला आणि सुतारकामाचा रंधा बायकोच्या हाती आला. विहाराचा सागवानी दरवाजा अर्धाच झाला होता. पण धारेचा दगड मध्ये खोल गेलेला. त्यावर घासून पात्याची धार गोल झाली होती. रंधा फळी मध्येच खाई, कडांना शिवतच नसे. देवाजीचा हात ते सांभाळून घेई, तिला जमेना.

सकाळीच विहार समितीचे बापूराव येऊन गेले होते. “बाई, तुमच्यानं होत नसन तं सांगा. उद्या पौर्णिमा हाय. चंद्रपुरातून तयार दरवाजा आणतो.”

मनकर्णाने आधी दगड मसाल्याच्या पाट्यावर घासला. त्याच्या कडा तेवढ्या गोल झाल्या, मधला खळगा तसाच राहिला.

“तुहा पाटा अन् माहा दगड, दोघंबी मधात खचले,” देवाजी म्हणाला.

“अन् तुमी बसून हासून राह्यले.”

मग तिने ओट्याचा उरलेला कडप्पा अंगणात मांडला, त्यावर ओली रेती पसरली. कोळशाने दगडावर रेघा ओढल्या आणि घासायला लागली. कडांच्या रेघा लवकर गेल्या. मधली जाईना. बोटांची साल निघाली, तिने चिंधी बांधली. दुपार कलली तेव्हा मधली रेघही पुसली गेली.

पात्याला धार लावून होते न होते तोच बापूराव टेप घेऊन आले. “तयार दरवाज्यासाठी चौकटीचं माप घ्याले चाललो.”

“घ्या,” म्हणत मनकर्णाने फळीवर रंधा ठेवला आणि ढकलला. सर्र आवाज झाला. पात्याच्या रुंदीएवढा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका गुंडाळत वर आला आणि बापूरावांच्या चपलेवर पडला. तिने दुसरा काढला. तिसरा.

बापूरावांनी छिलका उचलून उजेडात धरला. मग टेप खिशात घातला. “बाई, कडीकोयंडा पितळेचा आणू का लोखंडी?”

“पितळेचा,” खाटेवरून देवाजी म्हणाला.

“मिस्त्रीनबाईले इचारलं म्या,” बापूराव म्हणाले.

“पितळेचाच,” मनकर्णा म्हणाली.

ते गेल्यावर देवाजीने दगड मागून घेतला. त्याचा डावा अंगठा सवयीने खळगा शोधत निघाला आणि कुठेही न अडता थेट टोकाला पोचला. मग लुंगीच्या टोकाने दगड पुसून त्याने तिच्या हातात दिला.

“दोनी कडा घासत जाजो,” तो म्हणाला.