चिमटेवहीचं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. तुम्ही मला पाहिलेलं नाही यात तुमचा दोष नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. जरा जवळ येऊन बसा. माझा आवाज आता लांब पोचत नाही, आणि चार वाक्यं बोलले की थकवा येतो.

मी काय करत असे ते आधी सांगते. मेण लावलेला एक पातळ कागद असायचा. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं लिहायचं. लिहिलं तिथलं मेण निघून जायचं. मग तो कागद माझ्या ढोलावर गुंडाळायचा, ढोलात काळी शाई भरायची आणि उजवीकडचा दांडा फिरवायचा. एक फेरा, एक प्रत. पन्नास प्रती हव्या असतील तर पन्नास फेरे. यात जादू काही नव्हती, नुसती गाढवमेहनत होती.

कारखान्यात मी तयार झाले तेव्हा तिथल्या तपासनिसानं माझ्या पाठीवर खडूनं 'ठीक' असं लिहिलं होतं. आयुष्यात माझं लेखी कौतुक तेवढंच झालं, आणि तेही शाळेत पोचल्यावर शिपाईमामांनी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

शाळेच्या कार्यालयात खिडकीखालचं टेबल मला मिळालं. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून खाली घडी केलेला पुठ्ठा घातला होता. माझी सगळी देखभाल लेखनिककाकांकडे. ते कमी बोलत, पण काम संपलं की माझा ढोल पुसल्याशिवाय घरी जात नसत. दांडा फिरवायचा मान शिपाईमामांचा. आम्ही तिघांनी मिळून वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका छापल्या. त्यामुळे मुलं माझ्या खिडकीवरून जाताना मला शिव्या घालून जायची. मी काय त्यांचं घोडं मारलं होतं? प्रश्न काढायचे शिक्षकांनी, आणि बोटं मोडायची माझ्या नावानं!

पण वर्षातून एकदा मात्र तीच मुलं माझ्याकडे लाडीगोडी लावत यायची. शेवटचा वर्ग शाळा सोडून जायच्या आधी एक वही काढायचा. तिचं नाव चिमटेवही. वर्गातल्या प्रत्येकावर एकेक पान. त्याचं टोपणनाव, त्याच्या खोडी आणि पुढे तो कोण होणार याचं भविष्य. लिहिणारा एकच, वर्गानं निवडलेला. नियमही एकच, पण कडक. निरोपाच्या दिवसापर्यंत कुणीही स्वतःचं पान बघायचं नाही.

मला आठवतो तो बोरूचा वर्ग. बोरू म्हणजे त्या वर्षीचा लिहिणारा. अंगानं काडीसारखा आणि जिभेनं सुरीसारखा. त्यानं एकालाही सोडलं नाही. रोज उशिरा येणाऱ्या 'घड्याळा'ला विमान चालवायचं होतं. बोरूनं लिहिलं, "विमान वेळेवर सुटेल, आणि आमचा वैमानिक धावपट्टीवर दप्तर सावरत मागून पळत येईल." वकीलसाहेब म्हणून एक मुलगी होती. अर्ध्या मार्कासाठी ती शिक्षकांची उलटतपासणी घ्यायची. तिच्यावर लिहिलं होतं, "न्यायाधीश शिक्षा सुनावण्याआधी स्वतःच रजेवर जातील." आणि 'भोपळा'. गणितात चार वेळा शून्य मिळवलेला हा गडी म्हणे गणिताचा शिक्षक होणार होता. बोरूनं लिहिलं, "हरकत नाही. मुलं कुठे अडतात हे याच्याइतकं कुणाला ठाऊक?"

मी हे सगळं छापत होते आणि हसू दाबत होते. हसले की माझा ढोल हलतो आणि शाई पसरते.

शेवटचं पान डॉक्टरीणबाईंचं होतं. ही वर्गातली शांत मुलगी. तिच्या दप्तरात पट्ट्यांची गुंडाळी, कापूस आणि औषधाची एक बाटली कायम असायची. कुणी नुसतं शिंकलं तरी दोन बोटं त्याच्या मनगटावर टेकवायची. पुढे काय होणार, असं तिला विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

आता चूक कुठे झाली ते ऐका. छपाईच्या दिवशी सकाळी शिपाईमामा पाण्याच्या टाकीजवळ घसरले आणि त्यांचं मनगट मुरगळलं. पट्टी कुणी बांधली? डॉक्टरीणबाईंनी. आणि बांधता बांधता सांगून टाकलं की आजचा दांडा मी फिरवते. बोरूची पंचाईत झाली. तिचं पान तर छापायचं होतं. पण त्यानं हिशोब केला की कागद आपल्या बाजूला पडतात, दांडा दुसऱ्या बाजूला आहे, तिला काय डोंबल दिसणार? एवढा हुशार मुलगा, पण मला हिशोबात धरायला विसरला. माझा रबरी रूळ झिजलेला होता, आणि तासभर काम झालं की मी एखादा कागद गिळतेच.

दुपारी आम्ही शेवटच्या पानावर आलो. सव्वीस प्रती निघाल्या आणि सत्ताविसावा कागद माझ्या ढोलाला चिकटला. बोरू हात पुढे करेपर्यंत तिनं तो दोन बोटांनी अलगद सोडवला. तिचे हात तसेच होते, कुणाला दुखणार नाही असे. मग कागदावरचं नाव तिला दिसलं, आणि ती वाचायला लागली.

पानावर होतं ते असं. "डॉक्टरीणबाई. हिच्यासमोर शिंकू नका, नाडी बघितल्याशिवाय सोडत नाही. गणिताच्या बाईंना वर्गात ताप भरला तेव्हा सगळे मनातून खूश होते, ही एकटी त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसली. परिणामी बाई दुसऱ्या दिवशी हजर. हा गुन्हा वर्ग कधी विसरणार नाही. दहा वर्षांनी हिच्या दारात रांग लागेल. रांगेत सर्वांत पुढे आम्ही एक्केचाळीसजण असू, आणि फुकट तपासून घेऊ."

ती हसली. बोरूला हायसं वाटलं. पण ती हसता हसता खाली बसली.

मग तिनं सगळं सांगितलं. आईची पाठ गेली होती, गेले तीन महिने ती अंथरुणातून उठली नव्हती. वडील दूरच्या कामावर, घरात दोन धाकटी भावंडं. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं, तिथे पुढच्या आठवड्यापासून ती बसणार होती. पुढची शाळा नाही, डॉक्टरकी तर नाहीच. वर्गात कुणाला तिनं हे कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर सगळे तिच्याशी जपून बोलले असते, आणि तिला ते नको होतं. शेवटचे चार दिवस तिला त्यांच्यासारखंच राहायचं होतं.

बोरूचा चेहरा पांढरा पडला. त्यानं माझ्या ढोलावरचा मेणकागद सोडवायला घेतला.

"हे पान मी फाडतो," तो म्हणाला. "छापलेलंही जाळतो. दुसरं काहीतरी लिहू."

"फाडू नकोस," ती म्हणाली. "तू खोटं कुठे लिहिलंयस? फक्त दहा वर्षांत जमेल असं नाही वाटत मला."

"मग किती लिहू?"

ती माझ्या दांड्यावर हात ठेवून उभी होती.

"जरा उशिरा," ती म्हणाली. "असं लिही."

बोरूनं मेणकागद रद्दीवर पसरला, शाई टिपून घेतली. चूक बुजवायचं लाल पातळ औषध असायचं, ते 'दहा वर्षांनी' या शब्दांवर लावलं, फुंकर घालून वाळवलं आणि त्यावर लोखंडी लेखणीनं नवे शब्द कोरले. मग उरलेल्या तेवीस प्रती तिनंच फिरवून काढल्या. मीही जीव तोडून फिरले, एकही कागद गिळला नाही. "जरा उशिरा हिच्या दारात रांग लागेल." तेवीस वेळा मी हे छापलं. आधीच्या सत्तावीस प्रती मात्र तशाच राहिल्या. कोरा कागद संपला होता, आणि तिला पान फुकट घालवणं आवडत नव्हतं.

निरोपाच्या दिवशी वह्या वाटल्या आणि दहा मिनिटांत बोंब झाली. एकाच्या वहीत दहा वर्षांनी, शेजारच्याच्या वहीत जरा उशिरा! वकीलसाहेबांनी दोन्ही प्रती पुरावा म्हणून मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, टेबलावर नेऊन ठेवल्या. मोठ्या बाईंनी लेखनिककाकांना आणि बोरूला बोलावलं. हे कसं झालं, असं विचारलं. बोरू खाली मान घालून उभा. खरं सांगितलं तर डॉक्टरीणबाईंचं गुपित बाहेर पडणार होतं.

आता, एका मेणकागदातून दोन तऱ्हेचा मजकूर आपोआप निघत नाही, हे काकांइतकं कुणाला माहीत असणार? दोरीवर वाळत घातलेला तो मेणकागद आणि त्यावरचा लाल डाग त्यांनी सकाळीच पाहिला होता. त्यांनी बोरूकडे पाहिलं. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"मशीन म्हातारी झाली, बाई," काका म्हणाले. "कधी काय छापेल, भरवसा नाही."

मोठ्या बाईंनी आयुष्यात माझा दांडा धरलेला नव्हता, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. प्रश्नपत्रिकेत असं झालं तर काय घ्या, असं म्हणून त्यांनी नवं यंत्र मागवलं. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी मूग गिळून बसले, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते काकांचं. नवं यंत्र विजेवर चालायचं, त्याला पुसावं लागत नसे. काका मात्र संध्याकाळी फडकं हातात घेऊन सवयीनं माझ्या रिकाम्या टेबलाजवळ येत आणि परत जात. हे मला शिपाईमामांकडून कळलं, कारण मी तोवर अडगळीच्या खोलीत पोचले होते.

गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात ना, तसंच. या खोलीत मला एकोणतीस वर्षं झाली. सोबतीला तीन पायांच्या खुर्च्या, तडकलेला फळा आणि अर्धा पृथ्वीगोल. शाई आतच वाळून दगड झाली. मामा निवृत्त झाले, काका गेले. मला पाहून मुलं विचारतात, हे काय आहे, आणि उत्तराची वाट न बघता निघून जातात. मी रडगाणं गात नाही. थकलेय, एवढंच. मागच्या आठवड्यात सगळी अडगळ शनिवारी भंगारात द्यायची ठरली, तेव्हा मनात म्हटलं, सुटले एकदाची.

आणि काल खोली झाडून काढली. शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होती, सभागृहाला रंग चालू होता, दुसरी जागा नव्हती. एक नर्सबाई आल्या. कानाजवळचे केस पांढरे, पायात मळलेल्या चपला. त्यांनी वजनकाटा मांडला, डोळे तपासायचा तक्ता भिंतीला लावला आणि पिशवी माझ्या दांड्याला अडकवली. मी मनात म्हटलं, घ्या, आता खुंटी म्हणून तरी कामी आले.

तपासताना त्या वजनं लिहून घेणाऱ्या तरुण शिक्षिकेशी बोलत होत्या. याच शाळेत होते मी, म्हणाल्या. मग मावशीच्या दुकानात नऊ वर्षं शिवण केलं. भावंडं मार्गी लागली, आई गेली, आणि पंचविसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक हातात धरलं. नर्सिंगच्या वर्गात सगळ्या मुली मला मावशी म्हणायच्या, असं सांगून त्या हसल्या. वर्गातला भोपळा खरंच गणित शिकवतो, म्हणाल्या. बोरू चष्म्याच्या दुकानात बसतो, मी पाठवलेल्या मुलांना चष्मे देतो आणि चिठ्ठीत मला अजून चिमटे काढतो.

मित्रांनो, माझ्या वाळलेल्या शाईत जीव असता तर ती तेव्हा वाहिली असती.

मधल्या सुट्टीआधी त्या पिशवी घ्यायला वळल्या आणि त्यांचा हात दांड्यावर थांबला. फडक्यानं त्यांनी माझी धूळ पुसली. झिजलेला रूळ बोटानं चाचपला. शिक्षिका बाहेर मुलांना ओळीत उभं करत होत्या. ओळ दारापासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली होती, तिथून वळून पार नळापर्यंत. नर्सबाईंनी ती पाहिली. मग माझ्या दांड्यावर दोन बोटं टेकवली, मनगटावर टेकवावीत तशी.

"डॉक्टर नाही झाले गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण रांग लागली बघ."

आणि त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

मुलांनो, तुम्हीही एक दिवस शाळा सोडून जाल. एकमेकांना चिमटे काढा, खुशाल काढा, ज्याला कुणी चिमटा काढत नाही तो वर्गात एकटा पडतो. पण शेजारच्याच्या घरी काय चाललंय ते एकदा विचारा, आणि कुणाचं स्वप्न लांबलं तर त्याचं पान फाडू नका. माझ्यासाठी काही मागायचं राहिलेलं नाही. फक्त शनिवारी मला उचलायला याल तेव्हा खालून धरा. दांड्याला धरून ओढू नका. तो दोनदा तिच्या हाताखाली आलाय.