बारा मोर

धम्मानंदच्या पत्राला वामनरावांनी उत्तर दिलं नव्हतं, या गोष्टीला अकरा वर्षं होत आली होती. पत्र हरवलं असतं तर सुटले असते. पण ज्याची उभी हयात ग्रंथपाल म्हणून गेली, त्याच्या हातून कागद हरवत नाही. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात जिथं ठेवलं होतं तिथंच होतं. त्याच्यासोबत एक कोरं पोस्टकार्ड होतं. त्यावर धम्मानंदने स्वतःचाच इंदोऱ्याचा पत्ता लिहून पाठवला होता.

पत्र चार ओळींचं. ‘सर, टाइल्स सिमेंटात बसल्या होत्या. सिमेंट टाइल सोडत नाही, ती फुटते. माझ्या बाबांच्या हातचं काम मी विकीन काय? सगळे मले चोर म्हणतात, म्हणू द्या. तुम्हीपण तसंच समजता काय? हो की नाही, एवढंच लिहा.’

झालं होतं ते असं. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागे एक जुनं वाचनालय होतं. वामनराव तिथं चौतीस वर्षं ग्रंथपाल. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिनी मातीच्या बारा टाइल्स होत्या, चारचारच्या तीन ओळी, आणि प्रत्येकीवर निळा मोर. धम्मानंदचे वडील बाबाराव मिस्त्री यांनी त्या बसवलेल्या. त्यातला एक मोर मात्र उलटा होता, खालच्या ओळीत डावीकडून दुसरा, डोकं खाली अन् पाय वर. नवा सभासद आला की हमखास हसायचा. मिस्त्रीची चूक, असं वामनराव सांगायचे.

पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून इमारत पाडायची ठरली. टाइल्स काढायचं काम धम्मानंदला दिलं. तोही बापासारखा मिस्त्री, आणि रविवारी वाचनालयाच्या पायरीवर बसून पुस्तकं वाचणारा. त्याच आठवड्यात कुणी जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन त्या टाइल्सचा भाव विचारून गेला होता. संध्याकाळी भिंत रिकामी झाली आणि धम्मानंद तुकड्यांचं पोतं घेऊन उभा राहिला. एकही अखंड निघाली नाही, म्हणाला. सचिव भैय्याजींनी पोत्यात डोकावून पाहिलं. चार टाइल्स फोडल्या तरी एवढं पोतं भरतं, बाकीच्या आठ कुठं गेल्या, असं त्यांनी भर सभेत विचारलं आणि त्याला तोंडावर चोर म्हटलं. धम्मानंदने वामनरावांकडे पाहिलं. वामनराव चष्मा पुसत बसले.

ते भित्रे होते हे तर खरंच. पण नुसत्या भित्रेपणावर ते इतकी वर्षं गप्प राहिले नव्हते. त्यांनाही संशय होता. तो कधी खरा वाटे, कधी स्वतःच्या गप्प बसण्याला दिलेला टेकू वाटे. यातलं नक्की काय, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

मग मागच्या महिन्यात पेपरात बातमी आली. लकडगंजातल्या एका आरागिरणीच्या मालकाने गोदामात जुन्या टाइल्सचं संग्रहालय उघडलं होतं. सोबत छोटासा फोटो, आणि त्यात निळा मोर. वामनरावांच्या मनात पाल चुकचुकली. आठ दिवस ते बातमीचं कात्रण खिशात घालून फिरले आणि नवव्या दिवशी सकाळी प्रताप नगरच्या घरातून निघायला चप्पल घालू लागले.

प्रेमिलाबाई भाजी निवडत होत्या. “काहून जाऊन राहिले तिथं? अकरा वर्षांनी चोर पकडाले?”

नुसतं पाहून येतो, असं वामनराव पुटपुटले.

“पाहा. मोर दिसला तर त्याले चोर म्हणान. अन् नाही दिसला, तर सोताले काय म्हणान?”

वामनरावांनी शब्दकोशातलं पत्र आणि पोस्टकार्ड पिशवीत टाकलं आणि ऑटो पकडला.

गोदामाला अजून लाकडाच्या भुशाचा वास होता. आत मात्र दिवे होते, पांढऱ्या भिंती होत्या, आणि त्यावर टाइल्सच टाइल्स: गुलाब, द्राक्षं, कमळातली लक्ष्मी, जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून लावलेले देव. मयुरा नावाची एक मुलगी माहिती द्यायला सोबत निघाली. वामनरावांना तीही खटकली. पाहुण्यामागे माणूस कशाला लागतो? लपवण्यासारखं असेल तेव्हाच.

दुसऱ्या दालनात वळले आणि थांबले. बारा मोर. चारचारच्या तीन ओळी. आणि एक मोर उलटा.

त्यांचे कान तापले. अकरा वर्षांचा संशय खरा निघाला, याचा एक ओंगळ आनंदही झाला. हे कुठून आणलं, असं त्यांनी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं.

इथल्याच, लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरातून, असं मयुरा म्हणाली. उत्तर फार चटकन आलं, पाठ केल्यासारखं. वामनराव जवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला. उलटा मोर वरच्या ओळीत होता, अगदी उजवीकडे. त्यांचा तर खालच्या ओळीत. म्हणजे ओळखू येऊ नये म्हणून क्रम बदलला असणार! त्यांनी तसं विचारलंही, आडून आडून.

“बदलता येत नाही, काका,” मयुरा म्हणाली. “बाजूनं पाहा ना.”

त्यांनी बाजूनं पाहिलं. टाइल्समागे विटा होत्या, विटांमागे गिलावा. अख्खा भिंतीचा तुकडाच कापून आणून उभा केला होता.

“असे अजून दोन आहेत. एक महालातला, एक सदरचा. तिन्हीत एकेक मोर उलटा. एकाच मिस्त्रीचं काम आहे, बाबाराव म्हणून होते.”

तिन्हींत तीच चूक कशी, असं वामनरावांनी विचारलं.

“चूक नाही. मालक लोकांचं नाव दारावर लागायचं, मिस्त्रीचं कुठं लागते? म्हणून ते एक टाइल मुद्दाम उलटी लावायचे. पुढं कधी पाहिलं तर आपलं काम आपल्याले ओळखू यावं. लोक समजायचे दृष्ट लागू नये म्हणून लावली. ते समजू द्यायचे.”

वामनराव तिथल्या बाकावर बसले. त्यांना एक जुनी गोष्ट आठवू लागली होती आणि ती आठवायला नको होती. भिंतीवरच्या दोन टाइल्स एकदा हलू लागल्या होत्या. तेव्हा सगळ्याच काढून सिमेंटात पक्क्या बसवाव्या, असा अर्ज समितीला कुणी केला होता? बाबाराव तेव्हा म्हातारे झाले होते. सर, चुन्यातच राहू द्या, चुना टाइल अखंड सोडतो, सिमेंट सोडत नाही, असं ते दोनदा येऊन सांगून गेले होते. वामनरावांनी ऐकलं नाही. बाबारावांनी मुकाट्याने सिमेंट कालवलं आणि बारा टाइल्स पुन्हा बसवल्या. तोच मोर पुन्हा उलटा. माणूस तीच चूक तीस वर्षांनी त्याच जागी करत नाही, हे समोर बसलेल्या ग्रंथपालाला कळलं नव्हतं. म्हातारा थकला, एवढंच त्यांना वाटलं होतं.

“शेवटचं राहिलं, काका,” मयुरा म्हणाली.

शेवटच्या दालनात एक लाकडी फळा होता. त्यावर बारा मोर तुकड्यातुकड्यांनी जोडलेले. कुठं नखाएवढा तुकडा, कुठं बोटाएवढा, मधे गोंदाच्या रेघा. काही मोरांना डोळे नव्हते. तुकड्यांच्या कडेला मागचं करडं सिमेंट अजून चिकटलेलं होतं. खालच्या ओळीत डावीकडून दुसरा मोर उलटा. आणि वर कोपऱ्यातल्या मोराच्या तुऱ्यावर एक खाच, शिडी सरकवताना वामनरावांच्याच हातून पडलेली.

खाली लिहिलं होतं: देणगी – धम्मानंद, मिस्त्री.

“सहा वर्षं जोडत होते ते,” मयुरा म्हणाली. “कोणाले तरी मोजून दाखवायचं होतं म्हणे, की बाराच्या बारा आहेत. तो माणूस काही आला नाही. मग इथं आणून दिलं.”

वामनरावांनी मोजले. मग उलट्या बाजूने मोजले. बारा भरले.

मयुराने धम्मानंदचा फोन नंबर देऊ केला. त्यांनी नको म्हटलं. ते अजून इंदोऱ्यातच राहतात का, एवढं विचारलं. हो, त्याच घरी, ती म्हणाली.

पोस्ट ऑफिसात जाऊन ते बाकाच्या टोकाला बसले. एरवी दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी ते आधी कच्चं लिहीत. आज कच्चं लिहायला कागद नव्हता आणि कार्ड एकच होतं. हो की नाही, एवढंच त्याने विचारलं होतं. ‘नाही’ लिहिणं सोपं होतं, गोडही होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि बारा मोर तुकड्यातुकड्यांनी जोडणाऱ्या माणसाला ते कळलं असतं.

त्यांनी लिहिलं:

‘हो. आजपर्यंत तसंच समजत होतो. आज फळा पाहिला. बारा आहेत, मी मोजले. सिमेंटचा अर्ज माझा होता, तुझे बाबा नको म्हणत होते. त्या सभेत मी बोललो नाही. रविवारी भैय्याजींना घेऊन फळ्यासमोर येतो. दहा वाजता. जमलं तर तूही ये. – वामन’

कार्ड जुनं, चालेल की नाही अशी शंका आली, म्हणून त्यांनी खिडकीवरून आणखी एक तिकीट घेऊन चिकटवलं. ‘जमलं तर’ खोडावं का, असा विचार करत ते पेटीपाशी घुटमळले. मागून एका बाईने सरका म्हटलं. तेव्हा त्यांनी कार्ड फटीत घातलं आणि सोडलं.