शेवटच्या दोन खुणा

लेकीचं काम गेममधल्या पाट्या आणि बटणं रंगवायचं; ब्रशने नव्हे, आकड्या-अक्षरांनी. एका रंगासाठी आठ खुणा लिहायच्या: आधी सहा रंगाच्या, मग दोन पारदर्शकतेच्या. त्या दोन खुणांच्या जागी शून्यं आली की रंग गायब, इंग्रजी एफ आले की ठळक. आधीच्या कंपनीत पारदर्शकता सुरुवातीला लिहायचे, इथे शेवटी. तिचा हात मात्र अजून जुनीच वाट धरायचा.

नवी पाटी झाली की रविवारी सकाळी ती बाबांना दाखवायची. बाबा शाळेची बस चालवत. एकवीस वर्षं, डोळ्यांत तेल घालून. बसला एक ओरखडा नाही. शिवाय बोलताना कुणाची भीडभाड ठेवायचे नाहीत. ऑफिसातले सगळे नुसतं "मस्त, मस्त" करायचे, त्याचा काय उपयोग?

"काय लिहिलंय, बाबा?"

बाबांनी मान पुढे काढली, मागे घेतली. "काही लिहिलंय होय?"

"अहो, 'पुढे पूल तुटलाय'!" आई भाजी निवडता निवडता दारातूनच म्हणाली. "मला इथून दिसतंय की!"

"फिकट आहे," बाबा फणकारले. "असल्या पाटीने कोण थांबणार?"

लेकीला पटलं. अक्षरांचा लाल रंग तिने मुद्दाम अर्धा पारदर्शक ठेवला होता. आता पूर्ण ठळक करू म्हणून तिने खटाखट आठ खुणा मारल्या: चार एफ, चार शून्यं. अक्षरं नाहीशी झाली. घ्या! ठळकपणाचे एफ पुन्हा सुरुवातीला लागले होते आणि शेवटी आली होती शून्यं. जीभ चावून ती दुरुस्ती करणार, तोच बाबा म्हणाले,

"हां! आता कसं ठसठशीत झालं. 'पुढे पूल तुटलाय.' शाबास!"

पडद्यावर नुसता राखाडी रस्ता होता.

उद्या सव्वासातला बाबा छत्तीस पोरं घेऊन निघणार होते.

"बाबा, तिथे काहीच लिहिलेलं नाहीये. माझ्या हातून पुसलं गेलं."

आईचे हात थांबले. बाबांनी खिशातून बसची किल्ली काढली आणि तिच्या कीबोर्डवर ठेवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"यंदा शाळा सुरू झाल्यापासून," ते म्हणाले. "तो रस्ता मला पाठ आहे गं."