बिनसाखरेचा चहा

पहिल्याच घोटाला सोनालीचं डोकं फिरलं. नवागामच्या खोलीत तिने चुकून मायचा कप उचलला होता, आणि त्यात साखरच नव्हती. भाकरीला तूपही नव्हतं. महिन्याभरात माय चार किलोंनी उतरली होती. अंगात ताकद नाही म्हणून डॉक्टरांनी आजच केमो पुढे ढकलली होती.

"कोणत्या दीडशहाण्याने हे पथ्य सांगितलं?" ती धाकट्या भावावर, योगराजवर कडाडली. "कॅन्सरच्या पेशीवरची साखर शरीर स्वतःच बनवतं! ती पेशीच्या चरबीला जोडलेली असते. पेशी चिकटून बसते की पसरते, ते बरंचसं त्या साखरेवर ठरतं. चहातल्या चमच्याचा काय संबंध?"

कापडाच्या लूमवरचं काम संपवून आलेला योगराज गोंधळून म्हणाला, "तूच सांगेल व्हतं, ताई. तुन्ही लॅबमा. पेशीवर साखर, साखरखाले चरबी. आम्ही दोन्ही बंद करी टाकं."

महिन्यापूर्वी आपली लॅब दाखवायला नेलं, त्या दिवशी सोनालीने घरच्यांना मोठ्या रुबाबात पडद्यावर चित्रं दाखवली होती. काय समजलं, एवढं मात्र विचारलं नव्हतं. शिव्या घालायला तिने तोंड उघडलं, पण घालायच्या कोणाला?

मायने हळूच तिच्या हातातून आपला कप घेतला. "मंग आते टाकू का चमचाभर?"