सपाट पंजा

उपाशी आलात का?

हा प्रश्न खरं तर अभ्यासाचे फॉर्म भरून घेणाऱ्या रागिणीच्या यादीत नव्हता. पण अकोटहून पहिल्या एसटीनं आलेली ती तीन माणसं, आई आणि दोन मुलगे, स्कॅन सेंटरच्या बाकावर अशी सुकून बसली होती, की तिच्या तोंडून निघून गेला.

"हाव," तानुबाई म्हणाली. "दोघायलेबी रातच्यानं काई देल्लं नाई. मांगं मले पोटाच्या फोटोले आणलतं, तवा तसंच सांगतलंतं."

"काकू, हा डोक्याचा फोटो आहे. भाकर डोक्यात जात नाही."

"मंग पहिलेच सांगा लागत होतं व पोरी! हा गजू अंजनगावपासून पोट धरून बसला."

डबा उघडला. भाकर, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. एसीच्या थंडगार हॉलमध्ये लसणाचा वास सुटला आणि दारावरचा सिक्युरिटी गार्ड कारण नसताना दोनदा आत येऊन गेला. तिसऱ्यांदा तानुबाईनं त्याच्या हातावर चतकोर ठेवली.

स्वतःच्या इच्छेनं आलात का?

"हाव." योगेशनं प्रश्न संपूसुद्धा दिला नाही.

योगेश थोरला. बावीस वर्षांचा असताना त्याला शेतात कोणी नसताना बोलणं ऐकू यायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात असं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. आवाज गेले नाहीत, पण भिंतीपलीकडच्या टीव्हीइतके उरले. आता तो हंगामात अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो, बाकीचे दिवस घरच्या वांग्या-मेथीत.

याच डॉक्टरीणबाईंनी अमरावतीच्या या अभ्यासाचं सांगितलं होतं. ज्याला आजार आहे तो, आणि ज्याला नाही असा त्याचा सख्खा भाऊ किंवा बहीण, दोघांच्या मेंदूचे फोटो. अशा पुष्कळ जोड्या जमल्या, की घराण्यातून आलेलं काय आणि आजाराचं काय, हे वेगळं काढता येईल.

"तुझा आजार यानं बरा होणार नाही हं," त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. "पुढं कोणाला तरी उपयोग होईल."

योगेश त्या 'पुढं कोणाला तरी'वरच अडकला. इतकी वर्षं सगळे त्याला देत आले होते. गोळी, चहा, अंगारा, सल्ला. त्याच्याकडं कोणी काही मागितलं नव्हतं. आता मागत होते, आणि तेही डोकं! आठवडी बाजारात त्यानं एकेका गिऱ्हाइकाला सांगितलं, "माह्यं डोकं मांगून राह्यले अमरावतीवाले."

"आणि तुम्ही?" रागिणीनं धाकट्याला विचारलं.

"मीबी इच्छेनंच," गजेंद्र भाकर गिळत म्हणाला. त्यानंही बाजारात सांगून ठेवलं होतं: दादा बिमार, मी निरोगी. डॉक्टरांच्या शिक्क्याचा निरोगी.

"एक लक्षात घ्या. फोटो दोघांचे लागतात. एकाचाच निघाला तर तो या अभ्यासात घेता येत नाही. आणि आजचा शेवटचा रविवार. पुढच्या रविवारपासून मशीन आम्हाला मिळणार नाही."

"निंगते ना दोघायचे," योगेश म्हणाला. "काहून नाई निंगनार?"

अंगावर धातू आहे का?

योगेश: नाही. (करदोडा सुती.)

गजेंद्र: नाही.

गजेंद्रच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी.

"हे धातू थोडीच आहे, बाई. हे शनीसाठी आहे."

"दादा, आतलं लोहचुंबक शनीला ओळखत नाही. काढा."

निघेना. रोज भाजीची कॅरेटं उचलून बोट फुगलेलं. साबण लावला, नंतर ठेच्याच्या डब्यातलं तेल. तेल मिरचीचं होतं. गजेंद्र बोट तोंडात घालून 'हाय हाय' करत हॉलभर फिरला, तानुबाई हसून हसून खाली बसली, आणि अंगठी एकदाची टणकन फरशीवर पडली.

गजेंद्रनं ती आईच्या पदरात बांधायला दिली. मोकळ्या बोटाकडं तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?

योगेश आधी आत गेला. सरकत्या फळीवर उताणा निजला, डोक्यावर जाळीदार टोप, कानात बोळे, हातात रबरी फुगा. नको वाटलं तर फुगा दाबायचा.

टक टक टक टक.
घर्रर्रर्र.
डुग डुग डुग डुग डुग.
मग काहीच नाही.
मग सगळं पुन्हा.

त्यानं फुगा दाबला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा जेवून उठल्यासारखा होता.

"त्रास नाही झाला?"

"जिनिंगवानी आहे हो मॅडम, कपाशी नसलेलं. आन् माह्या डोक्यातले बोलतेत ना, ते माह्यं नाव घेऊन बोलतेत. हे मशीन कोनाचंच नाव घेत नाई. लय सज्जन आहे."

रागिणी हसली, आणि पडद्यावरचा फोटो पाहून म्हणाली, "केसभरसुद्धा हलला नाहीत तुम्ही."

योगेशनं ते वाक्य आईला जाऊन सांगितलं. मग गार्डला सांगितलं.

बंद जागेची भीती वाटते का?

"मले?" गजेंद्र म्हणाला. "मी मोटर काढाले इहिरीत उतरतो, बाई."

फळी आत सरकली.

टक टक ट—

फुगा.

बाहेर. पाणी प्यायला. "नाकाले खाज सुटलती. आता घ्या."

फळी आत सरकली.

फुगा.

या वेळी मशीन सुरूसुद्धा झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर तो सरळ पार्किंगमध्ये गेला आणि एका अनोळखी स्कूटीवर बसून राहिला.

काही विचारायचं आहे का?

योगेश त्याच्या मागे गेला. रागिणी दाराशी थांबली. मशीन दुपारपर्यंतच होतं, आणि ते दोघा भावांना ठाऊक होतं.

"अबे गजू, उठ. स्कूटीवाली येईन अन् मारीन."

गजेंद्र उठला नाही.

"इहिरीत भेत नाई अन् मशीनच्या नळीत भेतं का बे?"

"आवाजाले नाई भेलो, दादा."

"मंग?"

गजेंद्र मोकळं बोट चोळत राहिला. "आपन एकाच मायचे ना. माह्या डोक्यातबी तेच निंगालं तं?"

योगेशनं डोकं खाजवलं. खरोखर विचार केला.

"निंगालं तं निंगालं. सकाळची पांढरी गोळी, रातची गुलाबी. गुलाबीनं झोप लय येते, तं जेवल्याबरोबर नाई घ्याची. मी सांगतो ना तुले सगळं."

गजेंद्र त्याच्याकडं बघत राहिला. आणि मग त्याला हसू फुटलं. असं फुटलं की स्कूटीचा हॉर्न त्याच्याच कोपरानं वाजला.

दारातून रागिणी पुढे आली. "गजेंद्रदादा, एका फोटोवरून असं काही सांगता येत नाही. मला नाही, मोठ्या सरांना नाही. पुष्कळ फोटो एकत्र ठेवले तर बारीकसा फरक दिसतो. एकट्याचा फोटो नुसता फोटो असतो."

"मंग तुमाले माह्या फोटोचा उपयोग काय?"

"पुष्कळ म्हणजे एकेक करूनच होतात ना?"

"तरी बाई, आत गेलो की वाटतं, आता काय होईन, आता काय होईन."

"हे खरं," योगेश म्हणाला. "आत काय होनार हे मालूम नसलं की भेव लागतं. तुले मालूम करून देतो." तो रागिणीकडं वळला. "मॅडम, याचे पाय तं मशीनबाहेर राह्यतेत ना? मी पायापाशी बसू का?"

मग त्यानं समजावून सांगितलं. जिनिंगमध्ये इतका आवाज, की ओरडून ऐकू येत नाही. म्हणून माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून बोलतात. एक थाप: थांब. दोन थापा: येऊ दे, माल येऊ दे. आणि पाठीवर सपाट पंजा ठेवला तर, सगळं बरोबर आहे, मी आहे इथंच.

रागिणीनं अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. फोटो मेंदूच्या नुसत्या ठेवणीचा आहे, मेंदू काम कसा करतो त्याचा नाही, तेव्हा पायाला हात लागला तर चालेल, ते म्हणाले. डोकं हललं नाही म्हणजे झालं.

योगेशनं लगेच पार्किंगमध्ये शिकवणी घेतली. गजेंद्र पाठ करून उभा. थाप. "काय झालं?" "थांब." थाप थाप. "काय झालं?" "माल येऊ दे." पंजा. "काय झालं?"

"बोल ना बे."

"समजलं," गजेंद्र म्हणाला.

(मशीन चालू असताना प्रश्न विचारत नाहीत)

काचेपलीकडून तानुबाईला गजेंद्रचे दोन तळपाय तेवढे दिसत होते, आणि त्यांच्यापाशी कानात बोळे घालून, हात त्याच्या पायावर ठेवून बसलेला योगेश.

पंजा.

टक टक टक टक टक टक
पायाचा अंगठा थरथरला.
पंजा.
टक टक टक टक
एक थाप.
आणि खरंच, थांबलं.

दोन थापा.
घर्रर्रर्रर्रर्रर्र
(आपल्या वेळचा आवाजांचा क्रम योगेशला पाठ होता. कोणत्या आवाजानंतर कोणता, हे तो थापेनं आधीच कळवत होता.)
पंजा. पंजा. पंजा.

एक थाप.
थांबलं.

दोन थापा.
डुग डुग डुग डुग डुग डुग
या वेळी अंगठा हलला नाही.

"आज अदलाबदली झाली," तानुबाई गार्डला म्हणाली. "पहिलं अकोल्याले नेलं तवा एसटीत हा गजू थोरल्याले धरून बसलता."

डुग डुग

डुग

मग फार वेळ काहीच नाही, आणि फळी बाहेर सरकली. त्यावर शिक्क्याचा निरोगी गजेंद्र गाढ झोपलेला होता.

यातला तुमचा मुलगा कोणता?

हे रागिणीनं गमतीनं विचारलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. काळ्यात राखाडी, अक्रोड फोडून ठेवल्यासारखे.

"दोन्हीबी माह्येच," तानुबाई म्हणाली. मग चष्मा पुसून जवळ गेली. "हा उजवा गजूचा. याच्यात हवा जास्त दिसून राह्यली."

"तो योगेशदादांचा आहे, काकू."

योगेश इतका हसला की त्याला खुर्ची लागली. गजेंद्र दोन्ही फोटोंकडं आळीपाळीनं बघत होता. "म्हन्जे तुमालेबी पाहून नाई समजत?"

"बिलकुल नाही. म्हणून तर जोड्या गोळा करतो आम्ही." तिनं दोन्ही फोटो एकाच नावाखाली ठेवले आणि बटण दाबलं. "झाली तुमची जोडी. योगेशदादा, तुमचं डोकं आम्ही घेतलं."

 दोन्ही हातांनी योगेशनं आपलं डोकं एकदा चाचपून पाहिलं, जसा माणूस खांद्यावर घेण्याआधी चांगल्या मालाचं पोतं चाचपतो.

आणखी काही?

हा प्रश्न बाजारातला. अकोटला, भाजीच्या ओळीत, गजेंद्रच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणिकबाईनं विचारलेला. तिची मेथी केव्हाच पिशवीत गेली होती, पण गोष्ट संपायची होती. आणखी चार गिऱ्हाइकं थांबली होती.

"...एवढालं मशीन, मावशी. आतमंदी बम आवाज. दुसरा असता तं मेला असता. आपन? जसा निजलो तसा. हाललोच नाई."

मागे वांगी लावत बसलेल्या योगेशचा हात पुढं आला. गजेंद्रच्या पाठीवर एक थाप.

गजेंद्र थांबला. घसा खाकरला.

"बरं, पहिल्या टायमाले फुगा दाबला एकदा."

एक थाप.

"दोनदा."

थाप नाही. पाठीवर सपाट पंजा टेकला, उन्हानं तापलेला, वांग्याच्या देठाचे काटे लागून खरखरीत. तो थोडा वेळ तसाच राहिला. माणिकबाई खळखळून हसली आणि म्हणाली, "मंग? पुढं काय झालं?"

गजेंद्रनं मागं पाहिलं नाही. वाट बघितली.

दोन थापा.

"मंग काय, मावशी!" तो असा ओरडला, की पलीकडच्या ओळीतला कांदेवाला उठून उभा राहिला. "मंग आमच्या दादाचं डोकं घेतलं ना त्यायनं!"