यानात सगळं ऐकू येत होतं

जुनी मालिका पुन्हा काढली असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. एकदा नीट झालेल्या कामाला पुन्हा हात लावायचा कशाला? 'ध्रुवापलीकडे' नव्याने येतेय असं माझ्या मुलीने, करिश्माने, सांगितलं तेव्हा मी तिला झिडकारलंच. आधी पाहा तरी, ती म्हणाली. मी म्हणालो, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी पाहिलीय.

पाहिली होतीच. आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही, गफ्फारचाचांकडे. अमरावतीतलं आमचं फुलांचं दुकान बंद करून बाबा मला खांद्यावर बसवून तिथे न्यायचे. यान पुठ्ठ्याचं होतं, त्याला लावलेली पातेल्यांची झाकणंसुद्धा ओळखू यायची, तरी आम्ही डोळे फाडून बघायचो. यानातून उत्तर येणं बंद होतं, घरचे लोक वर्षानुवर्षं रेडिओवर बोलत राहतात आणि शेवटी थकून रेडिओ बंद करतात. यानातल्या माणसाचं काय झालं ते दाखवलंच नाही. परतताना मी बाबांना तेच विचारलं.

"मेला असंन तो," बाबा म्हणाले. "जिवंत माणूस बोलल्याबिगर राह्यते का?"

तीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मागच्या नवरात्रात त्यांनी डोळे मिटले ते उघडेनात. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

फुलवाल्याच्या घरचं संकट वेगळंच असतं. दसऱ्याला दुपारनंतर दुकानात झेंडूची पाकळीही उरत नाही. चाळीस वर्षं गावाला हार पुरवलेल्या माणसाच्या अंगावर घालायला फूल नसेल, या विचाराने माझा जीव खालीवर झाला. म्हणून आदल्या दिवशीच मी निवडक फुलं घेतली आणि बाबांच्या खाटेशी बसून त्यांचा हार ओवला. घरी हार ओवायची आमची जागा तीच, खाटेशेजारची. आमच्या दुकानाची रीत आहे, मयताच्या हाराला खाली गोंडा लावायचा नाही.

माझी बायको हर्षा गोंडे करत होती. मी म्हणालो, "याले गोंडा नको. हा बाबांचा आहे."

तिने हळू बोला म्हणून खूण केली.

"त्याईले आता काय समजून राहिलं?" मी म्हणालो.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी डोळे उघडले आणि चमच्याने दिलेला चहा गिळला. आम्हाला आनंद झाला, खोटं नाही सांगत. त्या हाराला गोंडा लावला, तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर चढला आणि मी सगळं विसरलो. तेव्हापासून बाबांना एक खोड लागली. खाटेशी हार ओवायला घेतला की त्यांचा डावा हात यायचा आणि बोटं चाचपडत हाराच्या टोकाला जायची. म्हातारा अजून माल तपासून राहिला, असं मी गिऱ्हाइकांना हसत सांगायचो.

परवा रविवारी दुपारी करिश्माने ती नवी मालिका लावलीच. मी बाबांच्या खाटेशी शेवंतीचा हार ओवत नावं ठेवत होतो. यान फारच चकचकीत, माणसं फारच देखणी. मग चौथ्या भागात कॅमेरा यानाच्या आत गेला. तो माणूस जिवंत होता. त्याचं बोलणं पाठवणारं यंत्र तेवढं मोडलं होतं, ऐकू सगळं येत होतं. पृथ्वीवर त्याचे घरचे रेडिओ बंद करायला विसरले होते आणि त्याच्या वस्तू वाटून घेत होते. घड्याळ कुणाला, खोली कुणाला. तो कानाला यंत्र लावून ऐकत बसला होता. तोंड उघडत होता, आवाज कुठेच पोचत नव्हता.

तेवढ्यात बाबांचा हात माझ्या मांडीवर आला. बोटं हारावरून सरकत टोकाशी गेली. हार अर्धाच होता, गोंडा अजून लागायचा होता. ती बोटं तिथेच थांबली. मी सुई खाली ठेवली. मला दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा तो बिनगोंड्याचा हार आठवला.

"बाबा," मी विचारलं, "त्या दिवशी तुमी ऐकून राहिले होते का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण हाराचं टोक त्यांनी सोडलं नाही. मी त्यांचे पाय धरून रडलो. करिश्मा घाबरली, तिने टीव्ही बंद केला. मी तिला तो पुन्हा लावायला सांगितलं.

ही मालिका बघा, असं आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. जुनीपेक्षा चांगली आहे का विचारतात. जुनीत जे राहून गेलं ते यात आहे, एवढंच सांगतो.

घरी हार ओवायला बसलो की मी आता गोंडा आधी करतो आणि बाबांच्या डाव्या हातात देतो. हार पुरा झाला की लावायला गोंडा परत मागतो. बाबा मूठ उघडत नाहीत. मग मी दुसरा करतो.