तिसऱ्या संपादकांचा परिचय

मासिक छोटं, पण ऐट मोठी. संपादक दोनच: टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ताई आणि चष्म्याचं दुकान चालवणारा तिचा धाकटा भाऊ. दोनच नावांनी पान ओकंबोकं दिसतं म्हणून पहिल्याच अंकात त्यांनी तिसरे संपादक जन्माला घातले. साभार परतीची सगळी पत्रं त्यांच्याच सहीने जायची. चिडलेले कवी शिव्या घालायचे त्या तिसऱ्यांना, हे दोघं नामानिराळे.

शेवटच्या पानावर संपादकांचा परिचय असे. खरं सांगायचं तर लोक तेवढंच वाचायचे, कथा-कवितांकडे कोण बघतो! तिसऱ्यांच्या परिचयात दर अंकाला चार ओळींची भर घालायचं काम ताईकडे होतं. आता, मुळात नसलेल्याच माणसाला भूतकाळ आणायचा कुठून? डोकं चालवायचा ताईला कंटाळा, तिने सरळ आपलाच दिला. झाडावरून पडून हनुवटीला पडलेली खोक, शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीस, आईचा हात सुटून बाजारात हरवणं.

खोकेची ओळ छापून आली त्या आठवड्यात ताईच्या हनुवटीवरचा व्रण गेला. वयाने कातडी सैल पडली असेल, म्हणून तिने सोडून दिलं. मग एकदा प्रुफं तपासता तपासता भाऊ म्हणाला, "बाजारात ते हरवले तेव्हा आई किती रडली होती, नाही?"

"कोण ते? मी हरवले होते, गाढवा!"

भावाने चष्मा पुसून तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू? तेव्हा तू होतीस?"

चेष्टा करतोय मेला, म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण तो हसत नव्हता.

घरी येऊन तिने जुना अल्बम काढला. बक्षीस समारंभाच्या फोटोत कप हातात धरून एक अनोळखी मुलगा उभा होता. त्याच्या हनुवटीवर व्रण होता.

ताई घाबरली, चांगलीच घाबरली. निम्मंअधिक बालपण त्या पानाने गिळलं होतं, उरलेलं तरी वाचवायला हवं होतं. शिवाय ती संपादक होती, नको तो मजकूर कसा उडवायचा हे तिला कुणी शिकवायला नको. भावाला न विचारता तिने छापखान्यात एक काळी चौकट नेऊन दिली: आमचे तिसरे संपादक अल्पशा आजाराने आपल्यातून गेले. मेलेल्या माणसाला काही दर अंकाला चार ओळी लागत नाहीत. त्या रात्री तिला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

अंक घरोघरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला भेटायला गेली. आई भावाकडे राहायची. वय पंच्याऐंशी, पण डोकं इतकं लख्ख, की कोण कधी कशावरून रुसलं होतं ते वर्षासकट सांगायची. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत माणसं दबक्या आवाजात बोलत होती. भाऊ पुढे आला, त्याचे डोळे सुजले होते.

"या," तो म्हणाला. "आत बसा."

त्याने जन्मात तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

आई खुर्चीत बसली होती, मांडीवर अंक उघडा. "आई," ताईने हाक मारली. आईने मान वर केली आणि तिचा हात हातात घेतला, परक्या माणसाचा घेतात तसा, अदबीने.

"त्याच्या मासिकातल्या का तुम्ही? बरं झालं आलात, बाई."

"आई, अगं, मी..."

फक्त आईला आणि आपल्यालाच ठाऊक असलेलं काहीतरी सांगावं, म्हणून ताई आठवू लागली. सगळं आठवत होतं, अगदी स्वच्छ. पण प्रत्येक आठवणीत आईजवळ तो मुलगाच होता. ताई त्यात कुठेच नव्हती.

"ही चौकट तुम्हीच लिहिलीत ना?" आईने विचारलं. "म्हणजे जवळ असाल तुम्ही. खरं सांगा, शेवटी फार त्रास झाला का हो माझ्या लेकराला?"

ताईने आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली. "झोपेतच गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."